इंजिनाची ओळख आणि तेलाची निगा

जालन्याहून भोकरदनकडे जाताना सुमारे २५ किलोमीटरवर राजूर लागते. राजुरेश्वर गणपतीच्या स्थानामुळे हे गाव महाराष्ट्रभर परिचित आहे. अंगारकी चतुर्थीस दर्शनाला येणारा यात्रेकरू रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पाहत आला, तर कपाशी, सोयाबीन, मका व तूर यांची शेते आणि मधूनमधून मोसंबीच्या बागा त्याच्या दृष्टीस पडतात. पावसाळ्यात या शिवारातून बैलांच्या घुंगरांबरोबर लहान इंजिनांचाही आवाज आता ऐकू येतो. कोळपणी करणारे पॉवर वीडर, बांधावरील गवत कापणारे ब्रश कटर, फवारणीचे पंप, शेततळ्यातून पाणी उपसणारे पंपसंच ही यंत्रे बाहेरून कितीही वेगळी दिसली, तरी त्यांच्या पोटातील वस्तू एकच असते. ती म्हणजे एका सिलिंडरचे लहान इंजिन.

या इंजिनावर आज बरेच काही अवलंबून आहे. सोयाबीनचे पहिले ३० ते ४५ दिवस आणि कपाशीचे पहिले ६० दिवस तणांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे मानले जातात. या काळात शेत तणमुक्त राहिले नाही, तर पुढे केलेली खुरपणी उत्पन्नातील घट भरून काढू शकत नाही. मजूर मिळणे कठीण झाल्यामुळे अनेक शेतकऱ्यांनी पॉवर वीडर घेतले. परंतु ऐन श्रावणात, पावसाची उघडीप मिळाली असताना आणि जमिनीस वाफसा आला असताना इंजिन जाम झाले, तर यंत्र बांधावर उभे राहते आणि तण वाढत राहते. दुरुस्ती होऊन यंत्र परत येईपर्यंत वाफसा निघून गेलेला असतो.

इंजिन अकाली निकामी होण्याच्या कारणांत दोन कारणे ठळक आहेत. पहिले, तेलाची कमतरता अथवा चुकीचे तेल. दुसरे, आत शिरलेली धूळ. ही दोन्ही टाळण्यास फारसा पैसा लागत नाही. मात्र त्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कोणते तेल, किती आणि केव्हा, हे यंत्राच्या नावावरून ठरत नाही. ते इंजिनाच्या नावावरून ठरते.

यंत्राचे नाव आणि इंजिनाचे नाव

पूर्वी हा भेद करण्याची गरज विशेष पडत नसे. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील काळात विहिरीवरील डिझेल इंजिन हे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत परिचयाचे झाले. इंजिन हीच मुख्य वस्तू होती. पंप त्यास जोडलेला असे. त्याच्या अंगावरील पितळी वा पत्र्याच्या पट्टीवर कारखान्याचे नाव, नमुना, अश्वशक्ती आणि फेऱ्या ही माहिती असे. मिस्त्रीही तीच नावे बोलत असे, आणि दुकानदारही तीच ओळखत असे.

आजच्या लहान यंत्रांची गोष्ट निराळी आहे. पॉवर वीडरचा सांगाडा व दाते एका ठिकाणी बनतात, गिअरबॉक्स दुसरीकडून येतो, इंजिन तिसऱ्या कारखान्याचे असते आणि वर रंगीत अक्षरांत विकणाऱ्याचे नाव झळकते. एकाच नावाच्या व एकाच रंगाच्या दोन यंत्रांवर, ती दोन वर्षांच्या अंतराने घेतली असल्यास, भिन्न इंजिने आढळू शकतात. उलट, भिन्न नावांच्या दोन यंत्रांवर अगदी सारखे इंजिनही असू शकते. त्यामुळे दुकानात जाऊन ‘लाल रंगाच्या वीडरचे तेल द्या’ किंवा ‘सात अश्वशक्तीच्या यंत्राच्या पिस्टनच्या रिंगा द्या’ असे म्हटल्याने काम होत नाही. टाकीवर चिकटविलेल्या कागदावरील अश्वशक्तीचा आकडा हा जाहिरातीचा भाग असू शकतो. इंजिनाची खरी ओळख त्याच्या धातूवर कोरलेल्या खुणेत असते.

अंक कोठे शोधावेत

बहुतेक लहान पेट्रोल इंजिनांत नमुना व अनुक्रमांक इंजिनाच्या खालच्या धडावर, तेल भरण्याच्या तोंडाजवळ किंवा तेल काढण्याच्या बोल्टच्या आसपास ठोकलेले असतात. काही इंजिनांत पंख्याच्या आवरणावर वा झडपांच्या झाकणावरही पट्टी असते. डिझेल इंजिनांत धडाच्या बाजूस पट्टी असते आणि तोच क्रमांक बहुधा धडावरही कोरलेला असतो.

काळ्या मातीचा आणि तेलाचा थर बसल्यामुळे हे अंक सहसा दिसत नाहीत. याकरिता प्रथम रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजविलेल्या चिंधीने ती जागा पुसून काढावी. इंजिन गार असतानाच हे काम करावे. खणण्यासाठी लोखंडी पात्याचा उपयोग करू नये, कारण पट्टीवरील अक्षरे उथळ असतात. अंक अस्पष्ट असल्यास त्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने आडवे घासावे. मोटारीच्या सांगाड्याचा क्रमांक उतरवून घेण्याची हीच जुनी रीत आहे आणि ती येथेही उपयोगी पडते. त्याबरोबरच मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवल्यास दुकानात दाखविणे सोयीचे होते.

यंत्र खरेदी करतानाच हा क्रमांक बिलावर लिहून घेणे सर्वांत चांगले. अनुदानावर घेतलेल्या यंत्राची पाहणी होते तेव्हा बिलावरील क्रमांक आणि यंत्रावरील क्रमांक जुळणे आवश्यक असते. हमीच्या मुदतीत इंजिन बिघडले, तर त्या वेळीही हाच क्रमांक विचारला जातो.

अंकांचा अर्थ

सर्व कारखाने अंक एकाच पद्धतीने देत नाहीत. काही ठिकाणी अंकावरून सिलिंडरचे आकारमान कळते, काही ठिकाणी व्यास कळतो. हा फरक समजला म्हणजे निम्मे काम झाले.

होंडाच्या जी.एक्स. मालिकेत अंक हा आकारमानाच्या जवळचा असतो. जी.एक्स. १६० म्हणजे १६३ सी.सी. आणि जी.एक्स. २०० म्हणजे १९६ सी.सी.

चीनमध्ये रूढ असलेल्या पद्धतीत मात्र पहिला अंक सिलिंडरांची संख्या दाखवितो, पुढील दोन अंक सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये दाखवितात आणि एफ हे अक्षर इंजिन हवेने थंड होणारे असल्याची खूण असते. यावरून १६८ एफ म्हणजे १६८ सी.सी. नव्हे, तर एक सिलिंडर, ६८ मिलिमीटर व्यास, हवेने थंड होणारे इंजिन, हे स्पष्ट होईल. अशी खूण असलेली इंजिने भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर वीडरवर व पंपसंचांवर मोठ्या प्रमाणात आढळतात. त्यांपैकी नेहमीच्या नमुन्यांचा तपशील असा:

१६८ एफ (पेट्रोल): व्यास ६८ मि.मी., पिस्टनची धाव ४५ मि.मी., आकारमान १६३ सी.सी., तेल सुमारे ०.६ लिटर.

१६८ एफ-२ (पेट्रोल): व्यास ६८ मि.मी., धाव ५४ मि.मी., आकारमान १९६ सी.सी., तेल सुमारे ०.६ लिटर.

१७० एफ (पेट्रोल): व्यास ७० मि.मी., धाव ५५ मि.मी., आकारमान २१२ सी.सी., तेल सुमारे ०.६ लिटर.

१७८ एफ (डिझेल): व्यास ७८ मि.मी., धाव ६२ मि.मी., आकारमान २९६ सी.सी., तेल सुमारे १.१ लिटर.

१८६ एफ (डिझेल): व्यास ८६ मि.मी., धाव ७० मि.मी., आकारमान ४०६ सी.सी., तेल सुमारे १.६५ लिटर.

पहिल्या दोन ओळी लक्षपूर्वक वाचाव्यात. दोन्ही इंजिनांचा व्यास एकच आहे, परंतु धाव निराळी आहे. त्यामुळे ‘१६८ चा क्रँक द्या’ एवढेच सांगून आणलेला भाग बसणार नाही. शेवटचा ‘-२’ हा अंक लहान दिसला तरी तो गाळता कामा नये. तसेच १७० एफ ही खूण पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही इंजिनांवर आढळते. म्हणून खुणेबरोबर इंधनही सांगावे.

आकारमान स्वतः पडताळून पाहणेही कठीण नाही. व्यास सेंटीमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास ०.७८५४ ने गुणावे आणि आलेल्या संख्येस पिस्टनच्या धावेने गुणावे. ६.८ चा वर्ग ४६.२४, त्यास ०.७८५४ ने गुणल्यास ३६.३, आणि ४.५ ने गुणल्यास सुमारे १६३ घन सेंटीमीटर. विहिरीवरील किर्लोस्करच्या ए.व्ही.-१ या ५ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाचा व्यास ८० मि.मी. व धाव ११० मि.मी. आहे. याच रीतीने त्याचे आकारमान ५५३ सी.सी. येते. पट्टीवर अश्वशक्तीऐवजी किलोवॉट दिले असल्यास त्या आकड्यास १.३४ ने गुणावे, म्हणजे अश्वशक्ती मिळते.

अमेरिकेत घराभोवतीची विस्तीर्ण हिरवळ कापण्यासाठी वर बसून चालवावयाची यंत्रे सर्रास वापरतात. भारतात अशी यंत्रे क्रिकेटच्या व गोल्फच्या मैदानांवर दिसतात. त्यांपैकी पुष्कळ यंत्रांवर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या १९०८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन कंपनीचे इंजिन असते. या कंपनीच्या नमुन्याचे पहिले एक वा दोन अंक आकारमान घन इंचांत दाखवितात. एक घन इंच म्हणजे १६.४ घन सेंटीमीटर. तेव्हा ३१ ने सुरू होणारा नमुना सुमारे ५०० सी.सी.चा असतो. त्याच पट्टीवरील ‘कोड’ या क्रमांकाचे पहिले दोन अंक वर्ष, पुढचे दोन महिना आणि त्यापुढचे दोन दिवस दाखवितात. १८०५१२ ने सुरू होणारा कोड म्हणजे १२ मे २०१८ रोजी तयार झालेले इंजिन. तेथेही गवत कापण्याच्या यंत्राचे नाव एक व इंजिनाचे नाव दुसरे, हीच स्थिती आहे, आणि तेलाचा प्रश्न तेथेही इंजिनाच्या पट्टीवरूनच सुटतो.

तेल टाकीत की इंधनात?

ओळख पटविताना आणखी एक निर्णय करावा लागतो. इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक? ब्रश कटरच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही प्रकार बाजारात आहेत आणि ते दिसावयास सारखे असतात.

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी तेलाची स्वतंत्र जागा असते व तेल भरण्याचे तोंड असते. टू-स्ट्रोक इंजिनास अशी जागा नसते. त्याचे वंगण पेट्रोलमधूनच आत जाते. म्हणून टू-स्ट्रोकमध्ये निव्वळ पेट्रोल घातल्यास इंजिन थोड्याच वेळात जाम होते. पुस्तिकेत ५० ला १ असे प्रमाण दिले असल्यास एक लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर तेल घालावे. ४० ला १ असल्यास २५ मिलिलिटर आणि २५ ला १ असल्यास ४० मिलिलिटर. हे तेल टू-स्ट्रोक इंजिनासाठी म्हणून विकले जाणारेच असावे. अंदाजाने, बाटलीच्या झाकणाने ओतू नये. खुणा असलेले माप वापरावे. मिश्रण निराळ्या डब्यात हलवून मग टाकीत ओतावे. फोर-स्ट्रोक इंजिनात असे मिश्रण घालण्याचे प्रयोजन नाही. त्याने ठिणगीचा प्लग काजळून जातो.

इंजिनात तेल कसे काम करते

लहान फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात तेलाचा पंप बहुधा नसतो. कनेक्टिंग रॉडच्या तळाशी एक लहानशी पळी असते. ती प्रत्येक फेरीस तळातील तेलात बुडते आणि तेलाचे शिंतोडे सर्वत्र उडविते. मिनिटास ३६०० फेऱ्या म्हणजे सेकंदास ६० फेऱ्या. सिलिंडरची भिंत, बेअरिंगे, झडपांचा दांडा या सर्वांस वंगण मिळते ते या शिंतोड्यांनीच. तेल वंगणाखेरीज उष्णता वाहून नेते आणि काजळी व धातूचा कीस आपल्या पोटात धरून ठेवते.

आता एकूण तेल ते केवळ ०.६ लिटर. त्यातील एक पेलाभर तेल जळून वा गळून गेले, तर पातळी इतकी खाली जाते की पळी तेलास नीट पोचत नाही. मोटारीत किंवा ट्रॅक्टरमध्ये तेवढीच तूट फारशी जाणवणार नाही. येथे मात्र ती प्राणघातक ठरते. कोरडी धातू कोरड्या धातूवर घासू लागते, तापते आणि चिकटते. त्यालाच इंजिन जाम झाले असे म्हणतात.

ही हानी टळावी म्हणून अनेक इंजिनांत तेल कमी होताच ठिणगी बंद करणारी कळ बसविलेली असते. उतारावर यंत्र तिरपे झाले तरी ती कधी कधी इंजिन बंद पाडते. तिचा त्रास वाटून काही ठिकाणी या कळीची तारच तोडून टाकण्यात येते. हे अत्यंत अहितकारक आहे. इंजिन वारंवार बंद पडत असल्यास प्रथम यंत्र सपाट जागी आणून तेल पाहावे. तेल पुरेसे असूनही इंजिन चालत नसेल, तर कळ बदलून घ्यावी. ती कायमची निकामी करू नये.

१७८ एफ व १८६ एफ यांसारख्या डिझेल इंजिनांत तेलाचा पंप आणि जाळी असते. अशा इंजिनांचे तेल बदलताना ती जाळीही काढून स्वच्छ करणे जरूर आहे.

डब्यावरील अक्षरांचा अर्थ

तेलाच्या डब्यावर दोन खुणा पाहाव्यात. पहिली एस.ए.ई. ही खूण तेलाचा दाटपणा दाखविते. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली ही पद्धत सुरू केली आणि आज ती जगभर चालते. अंक जितका मोठा तितके तेल दाट. १० डब्ल्यू ३० असे दोन अंक असल्यास ते तेल थंडीत १० प्रमाणे पातळ राहते आणि तापल्यावर ३० प्रमाणे दाटपणा टिकविते, असे समजावे.

दुसरी खूण ए.पी.आय. ही तेलाचा दर्जा व उपयोग दाखविते. तिच्यातील पहिले अक्षर एस असल्यास तेल पेट्रोल इंजिनासाठी आणि सी असल्यास डिझेल इंजिनासाठी असते. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितका दर्जा नंतरच्या काळातील. उदाहरणार्थ, डिझेलच्या तेलांत सीएफ-४ नंतर सीएच-४ आणि त्यानंतर सीआय-४ हा दर्जा आला. काही डब्यांवर दोन्ही प्रकारची अक्षरे असतात. असे तेल दोन्ही इंजिनांस चालते.

यांपैकी कोणते घ्यावे, याचा निर्णय इंजिनाच्या पुस्तिकेवरून करावा. जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, ही गोष्टही विचारात घ्यावी. हवेने थंड होणारे इंजिन अशा उन्हात अधिक तापते आणि १० डब्ल्यू ३० सारखे तेल अधिक प्रमाणात जळते. पुस्तिकेत उष्ण हवेसाठी एस.ए.ई. ३० किंवा अन्य दाट तेल सुचविले असल्यास उन्हाळी कामास ते वापरावे, आणि १० डब्ल्यू ३० वापरावयाचे असल्यास पातळी अधिक वेळा पाहावी.

पॉवर वीडरच्या गिअरबॉक्सचे तेल अगदी निराळे असते, हे विसरू नये. अनेक यंत्रांत तेथे एस.ए.ई. ९० सारखे गिअर ऑइल सांगितलेले असते. ते इंजिनात ओतणे म्हणजे इंजिन बिघडविणेच होय. घोटाळा टाळण्यासाठी दोन्ही तोंडांजवळ रंगाने ठळक खूण करून ठेवावी. तेल नेहमी सीलबंद डब्यातील व पावती घेऊनच खरेदी करावे.

पातळी पाहण्याची रीत

प्रत्येक दिवशी काम सुरू करण्यापूर्वी तेलाची पातळी पाहणे हा नियमच करावा. यंत्र सपाट जागी उभे करावे. नुकतेच बंद केले असल्यास काही मिनिटे थांबावे, म्हणजे वर उडालेले तेल खाली उतरते. तोंडाभोवतीची माती प्रथम पुसावी आणि मगच झाकण उघडावे. नाही तर तीच माती आत पडते. तेलकाडी स्वच्छ कापडाने पुसून पुन्हा आत घालावी व बाहेर काढून खूण पाहावी. होंडा जी.एक्स. व तिच्या जातीच्या इंजिनांत काडी पाहताना आटे फिरवून घट्ट करावयाची नसते, नुसती टेकवावयाची असते. इतर काही इंजिनांत ती पूर्ण फिरवून पाहावयाची असते. पुस्तिकेतील रीत जाणून घेऊन घरातील सर्वांनी तीच पाळावी, नाही तर प्रत्येकास पातळी वेगळी दिसेल.

तेल कमी असता कामा नये, तसेच जास्तही असता कामा नये. जादा तेल घुसळून फेसाळते, एअर क्लीनरकडे चढते, निळसर धूर येतो आणि ठिणगीचा प्लग खराब होतो. दात्यांत अडकलेले गवत काढण्यासाठी यंत्र कलते करावे लागल्यास इंजिन बंद करून प्लगची तार काढावी आणि एअर क्लीनर वरच्या बाजूस राहील असेच यंत्र कलवावे.

तेल केव्हा आणि कसे बदलावे

नव्या इंजिनाचे पहिले तेल लवकर बदलावे लागते, कारण नवे भाग एकमेकांवर बसताना धातूचा बारीक कीस सुटतो. होंडा जी.एक्स. इंजिनांसाठी पहिला बदल एका महिन्याने अथवा २० तासांनी आणि पुढील प्रत्येक बदल सहा महिन्यांनी अथवा १०० तासांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, करावयाचा असतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या अनेक पुस्तिकांत पहिला बदल पाच तासांनी व पुढचे ५० तासांनी दिलेले आहेत. धुळीत आणि भर उन्हात सतत काम होत असल्यास ही मुदत आणखी कमी करणे हितावह होय.

लहान यंत्रावर तास मोजणारे घड्याळ सहसा नसते. त्यासाठी सोपा उपाय आहे. एकदा टाकी पूर्ण भरून ती किती वेळ चालते हे पाहावे. ती तीन तास चालली असे धरल्यास ३३ टाक्या म्हणजे सुमारे १०० तास होतात. प्रत्येक वेळी टाकी भरली की वहीत एक रेघ ओढावी.

तेल बदलण्यापूर्वी इंजिन दोन-चार मिनिटे चालवावे. कोमट तेल लवकर वाहते आणि तळाशी बसलेली घाण बरोबर घेऊन येते. त्यानंतर इंजिन बंद करून प्लगची तार काढावी, खाली पसरट भांडे ठेवावे, तेलाचे झाकण उघडून मग तळाचा बोल्ट काढावा. तेल थेंब-थेंब पडेपर्यंत थांबावे. बोल्टचा वॉशर दबलेला वा फाटलेला असल्यास नवा घालावा. बोल्ट घट्ट बसवून नवे तेल मापाने ओतावे आणि शेवटी काडीने पाहावे. इंजिन थोडे चालवून, बंद करून पुन्हा एकदा पातळी पाहिली म्हणजे काम पूर्ण झाले.

तेलावरून दुखण्याची परीक्षा

बाहेर काढलेले तेल फेकण्यापूर्वी पाहावे. वैद्य नाडी पाहतो, तसे जाणता मिस्त्री तेल पाहतो. डिझेल इंजिनाचे तेल लवकर काळे पडते. तेवढ्यावरून ते वाईट झाले असे समजू नये. तेल दुधाच्या चहासारखे गढूळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. पातळी न भरता वाढत असेल आणि पेट्रोलचा वा डिझेलचा वास येत असेल, तर इंधन आत झिरपत आहे. असे इंजिन दोष काढल्याशिवाय चालवू नये. बोटांत घेतलेल्या तेलात चकाकणारे कण दिसल्यास बेअरिंग अथवा पिस्टन झिजत आहे. तेल बाहेर गळत नसताना वारंवार कमी होत असेल आणि निळा धूर येत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत.

धूळ ही तेलाची वैरीण

रिंगा अकाली झिजण्याचे कारण बहुधा धूळ हेच असते. कोरड्या काळ्या जमिनीत वीडर चालू लागला की इंजिन धुळीच्या ढगातच श्वास घेते. एअर क्लीनर फाटका, सैल वा घाणेरडा असल्यास ती बारीक धूळ सिलिंडरमध्ये जाते, तेलात मिसळते आणि कानशीप्रमाणे धातू घासते. स्पंजाचा क्लीनर साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, स्वच्छ तेलात बुडवून पिळून बसवावा. कागदी क्लीनर हलकेच आपटून झटकावा. तो धुऊ नये. तेलाच्या वाटीचा क्लीनर असल्यास वाटीतील गाळ काढून खुणेपर्यंत ताजे तेल भरावे. धुळीच्या दिवसांत ही तपासणी रोज करावी. क्लीनर काढून टाकून इंजिन एक क्षणभरही चालवू नये.

हंगाम संपल्यावर

कोळपणी आटोपल्यावर यंत्र तसेच गोठ्याच्या कोपऱ्यात लोटून देऊ नये. वापरलेल्या तेलात साचलेली आम्ले व ओल महिनोन् महिने धातूस खात राहतात. म्हणून यंत्र ठेवून देण्यापूर्वीच तेल बदलावे. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. याकरिता टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे.

काढलेले तेल विहिरीजवळ, नाल्यात वा बांधावर ओतू नये. ते जमिनीस व पाण्यास विषारी आहे. बैलांच्या खांद्यास वा जखमेस ते लावण्याची सवय सोडावी. त्वचेस ते अपायकारक असते. झाकणाच्या डब्यात साठवून ते जुने तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे द्यावे. तेलाचे काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

एक पान वहीचे

वरील सर्व माहिती एका वहीच्या एका पानावर मावते. वर इंजिनाचा नमुना आणि अनुक्रमांक. त्याखाली इंधन, सी.सी., तेलाचा प्रकार व माप. गिअरबॉक्सच्या तेलाची एक ओळ. आणि मग भरलेल्या टाक्यांच्या रेघा व तेल बदलल्याच्या तारखा. यंत्र भाड्याने किंवा भावकीत देताना हे पानही त्याबरोबर द्यावे. घेणाऱ्यास तेल कोणते, हे विचारावे लागणार नाही आणि परत आल्यावर किती काम झाले, हेही कळेल. अधिक माहितीसाठी तालुका कृषि अधिकारी, भोकरदन, अथवा खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्र यांच्याकडे हे पान घेऊन जावे.

बैल दावणीला बांधला तरी शेतकरी त्याची वैरण चुकवीत नाही. इंजिन हे बोलके जनावर नव्हे. भूक लागली तरी ते हंबरत नाही, एकदम बसते. ऐन कोळपणीत ते बसू नये, यासाठी सकाळी यंत्र शेतात नेण्यापूर्वी तेलकाडी पुसून पाहण्याचे दोन मिनिटांचे काम प्रत्येक शेतकरी बांधवाने आपल्या नित्यक्रमात सामील करून घ्यावे.